चोथा, तंतू की फायबर?

डाएटरी फायबरला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आई चोथा म्हणते, पुस्तकात तंतुमय पदार्थ असतं. आणि सोल्युबल-इनसोल्युबल हा काय प्रकार आहे?

– चोथा हा शब्द मला मनापासून आवडतो, अगदी घरातला आहे. ऊस चावून रस गिळला की तोंडात राहतो तो चोथा, आणि आपल्या गोव्यात हुमणासाठी, म्हणजे माशाच्या कालवणासाठी, नारळाचा रस काढला की फडक्यात उरतो तोही चोथाच, त्यामुळे कोणाला समजवत बसायला नको. पण हा शब्द इनसोल्युबल फायबरलाच बसतो, म्हणजे पाण्यात विरघळत नाही ते, कोंडा, साली, देठ, पालेभाजीच्या शिरा. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, पोईत कोंडा असतो, त्याच्याच टोपलीतल्या मैद्याच्या उंडा-पावात जवळपास नसतोच. हे फायबर पचत नाही, आतड्यात पाणी धरून ठेवतं, मळ भरीव होतो नि पुढे सरकतो, म्हणून पोट साफ.

सोल्युबलचा मात्र चोथा उरतच नाही! भेंडी चिरताना सुरीला जी बुळबुळीत तार येते ना, तिच्यात ते असतं. पेरूतलं पेक्टिन, ओट्स-बार्लीतलं बीटा-ग्लुकन पण त्यातलंच. हे पाण्यात फुगून जेलसारखं होतं, जेवण पोटातून हळूहळू पुढे जातं त्यामुळे साखर एकदम चढत नाही, शिवाय पित्तातली आम्लं त्यात अडकून बाहेर जातात, मग लिव्हरला नवीन पित्त करायला रक्तातलं कोलेस्टेरॉल वापरावं लागतं आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, उतरतं. डायबेटीसवाल्यांनी हे नीट समजून घ्यायलाच हवं असं मला वाटतं. अळसांदे (चवळीच्या जातीचं कडधान्य), कुळीथ यांत दोन्ही प्रकार मिळतात.

तंतुमय म्हटलं की लोक रेषा शोधतात. मानकुराद आंब्याला रेषा नसतात म्हणून त्यात फायबर नाही असं थोडंच आहे, पेक्टिन असतंच की. तसा डाएटरी फायबर हा इंग्रजी शब्द पण फार जुना नाही, १९५३ मध्ये हिप्सली यांनी वापरला. मी तरी सगळं मिळून फायबरच म्हणेन, न विरघळणाऱ्याला चोथा आणि दुसऱ्याला सरळ विरघळणारं फायबर. विद्राव्य हा शब्द रसायनाच्या पुस्तकात ठीक आहे, म्हापशाच्या बाजारात कोण बोलतं तो?

मग इसबगोल कशात धरायचं? ते तर पोट साफ व्हायला घेतात.

– विरघळणाऱ्यातच, पण त्याचं जेल आतड्यातले जंतू फारसं खाऊ शकत नाहीत, ते शेवटपर्यंत टिकतं आणि मळ मऊ ठेवतं, म्हणून कोलेस्टेरॉलसाठी आणि पोट साफ व्हायला, दोन्हीकडे उपयोगी. शब्द फारसी आहे, घोड्याचा कान असा अर्थ, बी तशी दिसते म्हणून. घ्यायचं ते भरपूर पाण्याबरोबरच, कोरडं घेतलं तर घशात फुगून अडकू शकतं. आणि कुठलंही फायबर एकदम वाढवू नका, गॅस होतो, हळूहळू वाढवा.