एमएस्सीचा एक खरीप शेतकऱ्याच्या बांधावर जाऊ द्या

पदव्युत्तर कृषी अभ्यासक्रमात ड्रोन आणि डेटाचे विषय वाढवा, असं काहीजण सुचवतात. जरूर वाढवा. पण त्याआधी एक अख्खा खरीप हंगाम अल्पभूधारकाच्या शेतावर काढणं सक्तीचं करा. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी ‘रावे’साठी, म्हणजे ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी, मुलं गावात राहतात. एमएस्सीला मात्र बरेचसे प्रयोग विद्यापीठाच्या स्वतःच्या शेतावरच होतात.

मी ठाण्यात राहतो, शेत मुरबाडला, दीड एकर भात. चारसूत्री या भातलागवडीच्या सुधारित पद्धतीत युरिया-डीएपी खताची गोळी चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध, 7 ते 10 सेंमी खोल, हाताने खोचायची असते. खत वाहून जात नाही, पद्धत उत्तमच आहे. पण आवणीच्या, म्हणजे रोपं लावण्याच्या, दिवशी वरून पाऊस कोसळत असतो, माणसं मोजकीच मिळतात, आणि सकाळपासून वाकून कंबर धरलेली बाई आणखी एक काम कसं अंगावर घेईल? गेल्या वर्षी आमच्या अर्ध्या गोळ्या पिशवीतच विरघळल्या.

तिच्या कंबरेचा हा प्रश्न प्रबंधाचा विषय व्हायला हवा. विद्यार्थ्याच्या सल्लागार समितीत एक शेतकरी असावा. आणि निष्कर्ष, दोनच पानं का होईना, मराठीत लिहून त्याच गावात वाचून दाखवावेत. त्याला गुणही असावेत, नाहीतर कुणी करणार नाही.