युद्धात जिंकले, तहात हरले: ग्रीक आणि पर्शिया

उनाडपाऊस: ग्रीक आणि पर्शियन यांच्या मॅरेथॉन, थर्मोपिली, सॅलमिस या लढाया, इथे आपली गोष्ट संपते. इ.स.पू. ४७९मध्ये प्लॅटियाच्या लढाईत पर्शियन सेनापती मार्डोनियस पडला, पर्शियन फौज परतली, ग्रीक जिंकले. पण भांडण पेटलं होतं कशावरून? आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीक शहरांवरून. त्यांनी ४९९मध्ये पर्शियाविरुद्ध बंड केलं, ४९४मध्ये त्यांतलं मिलेटस बेचिराख झालं. आता ३८६चा 'राजाचा तह' बघा. राजा म्हणजे पर्शियाचा दुसरा अर्टाझर्क्सिस. आशियातली सगळी ग्रीक शहरं त्याला मिळाली, आणि हा तह जुळवून आणला कोणी? थर्मोपिलीला लढून मेलेल्या लिओनिडास राजाच्या स्पार्टाने! मग जिंकलं कोण?

जुनीखोड: मधली नव्वद वर्षं गिळलीत की हो! सॅलमिसनंतर अथेन्सच्या आरमाराने आयोनियन शहरं सोडवली, दोन पिढ्या त्यांच्यावर पर्शियन सुभेदार नव्हता. आणि ते आरमार कसं उभं राहिलं? अथेन्सच्या ताब्यातल्या लॉरियनच्या खाणीत चांदी लागली. लोकांना ती वाटून हवी होती, अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीसने जहाजं बांधायला लावली. वल्ही मारायला बसले ते भूमिहीन, गरीब नागरिक. पुढे अथेन्सच्या नागरिकांच्या सभेत त्यांचा आवाज वाढला तो त्या वल्ह्यांच्या जोरावर. हे तुमच्या तहाने पुसलं जातं का?

उनाडपाऊस: वल्ह्यांचं मान्य. पण 'सोडवली' नको. थॅसॉस बेटाने अथेन्सच्या पर्शियाविरोधी संघातून बाहेर पडायचं म्हटलं तर तटबंदी पाडून घ्यावी लागली. ४५४मध्ये संघाचा खजिनाच अथेन्सला हलवला. सुभेदार गेला, वसुली राहिली.

रानजाई: दोघेही पैशाकडे नीट बघत नाही आहात. स्पार्टाने अथेन्सला हरवलं ते पर्शियाच्या पैशावर. पर्शियन राजपुत्र सायरसने स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडरला विचारलं, तुला काय हवं? तो म्हणाला, खलाशांच्या रोजच्या पगारात एक ओबोल (छोटं चांदीचं नाणं) वाढवा. तीनाचे चार झाले. काही वर्षांतच, ४०५मध्ये, एगोस्पोटामीला अथेन्सचं आरमार गेलं. मग स्पार्टा डोईजड झाला, तर तेच सोनं थीब्ज, अथेन्स, कॉरिंथकडे वळलं. आशियातून माघारी बोलावल्यावर स्पार्टाचा राजा अजेसिलॉस म्हणाला होता, मला धनुर्धाऱ्यांनी हाकललं. पर्शियन नाण्यावर धनुर्धारी असायचा!

(आणि थर्मोपिलीला शेवटपर्यंत थांबलेल्या थेस्पिया या ग्रीक शहराच्या सातशे थेस्पियन लोकांना सगळे विसरता, हे एक कायमचं दुखणं.)

जुनीखोड: पैसे वाटत बसावं लागलं, कारण तलवारीने जमेना. थर्मोपिली-सॅलमिसच्या वेळचा राजा झर्क्सिस, त्याच्यानंतर एकही पर्शियन राजा स्वतः फौज घेऊन ग्रीसवर आला नाही. आणि सिकंदराचं काय? ३३०मध्ये पर्शियाची राजधानी पर्सेपोलिस जाळून त्याने झर्क्सिसने जाळलेल्या अथेन्सचा हिशेब चुकता केलाच ना?

उनाडपाऊस: कोणाचा हिशेब? सिकंदराचा पूर्वज, मॅसिडोनियाचा राजा पहिला अलेक्झांडर, झर्क्सिसच्या बाजूने होता. मार्डोनियसचा निरोप घेऊन अथेन्सला गेलेला तोच! ग्रॅनिकसच्या लढाईत सिकंदरासमोर भाडोत्री ग्रीक सैनिक पर्शियाकडून लढले. आणि त्याच्या आदल्याच वर्षी थीब्ज शहर जमीनदोस्त केलं ते सिकंदराने, पर्शियाने नव्हे.

जुनीखोड: थीब्जचं दुःख मला सांगू नका. प्लॅटियाला ते मार्डोनियसच्या बाजूने उभे होते.

रानजाई: थेस्पियन मात्र ग्रीकांकडेच होते, हत्यारं नसतानासुद्धा.