प्राथमिक आरोग्य केंद्राच्या औषध खिडकीवर पेशंटशी बोलायचं कधी?

औषधखिडकी (पन्हाळा तालुका)

नमस्कार. जूनमध्ये पन्हाळ्याच्या पश्चिमेकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात कंत्राटी औषध निर्माण अधिकारी म्हणून रुजू झाले. डी.फार्म.नंतरचं ५०० तासांचं ट्रेनिंग कोल्हापुरात एका मेडिकलमध्ये केलं होतं, त्यामुळं काउंटरची सवय आहे असं वाटायचं. इथं बाजाराच्या दिवशी सव्वाशे-दीडशे केसपेपर खिडकीत येतात, तेही एकदमच, कारण सगळ्यांना दुपारची एसटी गाठायची असते. केसपेपर वाचा, स्ट्रिप कापा, रजिस्टरला चढवा, "ही सकाळी, ही रात्री" म्हणा की पुढचा. एका माणसाच्या वाट्याला मिनिटसुद्धा येत नाही.

नवरात्रात जे झालं ते सांगते. ललिता पंचमीचा दिवस, टेंबलाईच्या जत्रेमुळं ओपीडी मोकळीच होती. एका आज्जींना मुलगा आणि सून गाडीवर मधे बसवून घेऊन आले. दरदरून घाम, हात थरथरत होते, बोलणं अडखळत होतं. सिस्टरनी बोटातनं रक्त घेऊन साखर बघितली तर ५२, म्हणजे फारच कमी. गिळता येत होतं म्हणून तीन चमचे साखर पाण्यातनं पाजली, पंधरा मिनिटांनी परत बघितली तेव्हा ७८. त्या घेत होत्या त्या ग्लिमेपिराइडचा, म्हणजे साखर कमी करणाऱ्या गोळीचा, जोर बराच वेळ राहतो, म्हणून डॉक्टरांनी त्यांना संध्याकाळपर्यंत ठेवून घेतलं.

आज्जींच्या कनवटीला पानाची चंची होती. सुनेनं ती माझ्यापुढं उलटी केली. सुपारी, कात, अडकित्ता आणि दोन स्ट्रिपचे तुकडे. एक मी कापून दिलेला, ग्लिमेपिराइड १ मि.ग्रॅ. दुसरा बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळीचा, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन (हेही साखरेचंच औषध) एकत्र असलेल्या. दोन्ही चालू होत्या. वर घट बसल्यापासून नऊ दिवसांचा उपवास, दुपारी मूठभर वरी आणि ताक, बस. मला म्हणाल्या, "देवीचा नेम बी पाळलो आन् औषदाचा बी पाळलो की गं बाई."

घट बसायच्या आठवडाभर आधी ती गोळी मीच दिली होती. केसपेपरवर वय ६८ लिहिलेलं होतं. उपवास धरणार का, बाहेरची काही गोळी चालू आहे का, एवढं विचारलं असतं तर हे टळलं असतं. मी विचारलं नाही. आज्जी बऱ्या आहेत, पण ती चंची माझ्या डोळ्यांपुढनं जात नाही.

तुम्ही गर्दीत कुणाशी बोलायचं हे कसं ठरवता? बाहेरच्या गोळ्या कशा हुडकता? आणि डोसबद्दल शंका आली तर ओपीडी चालू असताना एम.ओ.ना, म्हणजे केंद्राच्या डॉक्टरांना, कसं विचारता? दोनदा आत गेले की रांगेतली माणसं ओरडायला लागतात.

शिरोळकर_फार्मासिस्ट

ताई, २३ वर्षं या खिडकीत उभा आहे. हे सगळ्यांच्या वाट्याला येतं, पण सगळे लिहीत नाहीत. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

सगळ्यांशी सारखं बोलायचा हट्ट सोडा. सर्दी-तापाच्या पॅरासिटामॉलला दोन शब्द पुरतात. वेळ राखून ठेवायचा तो पहिल्यांदा गोळी सुरू झालेल्यांसाठी, डोस बदललेल्यांसाठी, इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडवाल्यांसाठी, गरोदर बाईसाठी आणि बाळाचं सिरप न्यायला आलेल्या आईसाठी. त्यांचा केसपेपर बाजूला काढून ठेवा, "मावशी, पाच मिनिटं बाकावर बसा" म्हणा आणि रांग ओसरली की हाक मारा. एसटी चुकेल म्हणतात, पण बसतात. आणि सांगू नका, विचारा: "ही गोळी कशी घेणार, सांगा बघू?"

डॉक्टरांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. शंका असेल तर आत जायचं, रांग ओरडू दे. डोस आपल्या मनानं बदलायचा आपल्याला अधिकार नाही आणि शंका असताना गोळी हातावर ठेवायचाही नाही. २०१५च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशनमध्ये पेशंटला समजावून सांगणं हे आपलं काम म्हणूनच लिहिलंय, कुणावर उपकार म्हणून नाही. मात्र आत गेल्यावर "सर, हे चुकलंय" असं पेशंटसमोर म्हणू नका. केसपेपर पुढं ठेवून "सर, वय ६८ आहे, बाहेरचीपण चालू आहे, हीच द्यायची का?" एवढंच. बहुतेक डॉक्टर थांबून बघतात.

अजून एक सवय लावून घ्या. एक्स्पायरी छापलेली बाजू आपण आपल्याकडं ठेवून कापतो, त्यामुळं पेशंटच्या तुकड्यावर नाव अर्धंच जातं. २०१९च्या पुरात आमच्याकडची गावंच्या गावं छावण्यांत होती. केसपेपर पाण्यात गेलेले, आणि माणसं सांगत होती, "बीपीची, बारकी, पांढरी." अम्लोडिपिन पांढरी, अटेनोलॉलही पांढरी. काय द्यायचं? तेव्हापासून मी प्रत्येक पाकिटावर गोळीचं पूर्ण नाव आणि पॉवर मराठीत, ठळक लिहितो. सकाळला सूर्य, रात्रीला चंद्रकोर काढतो. हात दुखतो, तरी लिहितो.

मेडिकल_कागल

खाजगी बाजूनं सांगतो. आमच्याकडं तेच औषध दहा नावांनी येतं. स्ट्रिपवर कंपनीचं नाव मोठं आणि औषधाचं बारीक, पेशंटला ते एकच आहे हे कळणार कसं? "दुसरी कुठली गोळी चालू आहे का?" असं विचारलं तर "न्हाई" असंच येतं, कारण सरकारी दवाखान्यात बाहेरचं नाव काढलं तर राग येईल असं त्यांना वाटतं. "पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा" म्हणा. आणतात.

उपकेंद्र_आजरा

मी समुदाय आरोग्य अधिकारी आहे. ताई, उपवासाचं खिडकीत नाही सुटणार, ते गावात सुटतं. आमच्या आशाताईंना कोण उठता-बसता करतं आणि कोण नऊ दिवस धरतं हे घराघरातलं माहीत असतं. तुमच्या एनसीडी (बीपी, साखर अशा आजारांच्या) रजिस्टरमधनं ग्लिमेपिराइड आणि इन्सुलिनवाल्यांची यादी काढा, डॉक्टरांना दाखवा, उपवासाच्या दिवशी कुणाची गोळी कशी घ्यायची ते त्यांच्याकडनं प्रत्येकाचं लिहून घ्या आणि आशाताईंकडं द्या. आता मार्गशीर्षातले गुरुवार येतायत. उपवास मोडा म्हणून सांगू नका, कुणी ऐकत नाही. "उपवास धरणार असाल तर आधी दवाखान्यात या" एवढं सांगा. आणि चक्कर, घाम, थरथर आली तर लगेच साखर खायची, उपवास असला तरी, हे घरातल्या सगळ्यांना कळलं पाहिजे.

औषधखिडकी (पन्हाळा तालुका)

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवडे करून बघितलं, म्हणून परत लिहितेय.

यादी निघाली. डॉक्टरांनी दोन दुपारी बसून प्रत्येकाचं लिहून दिलं. पिशवीचंही जमलं. परवा एका मामांच्या पिशवीत बीपीची एकच गोळी दोन नावांनी निघाली. आत जाऊन विचारलं, डॉक्टरांनी लगेच एक बंद केली.

सर, "सांगा बघू" मात्र माझ्याकडनं नीट होईना. एक आजोबा चिडले, "मला काय शाळंत बसवतीस व्हय?" मग मी वेगळं विचारायला लागले: "घरात गोळ्या कोण काढून देतं?" तिथं खरं उत्तर मिळालं. त्या चंचीवाल्या आज्जींना गोळ्या देते त्यांची पाचवीतली नात, सून पहाटेच रानात जाते म्हणून. म्हणजे मी इतके दिवस समजावत होते ते भलत्याच माणसाला. आता पाकीट त्या पोरीला वाचता येईल असं लिहिते आणि शनिवारी सकाळची शाळा सुटली की तिलाच आज्जीबरोबर बोलावलंय.

सर, एक राहिलं. महिन्याच्या गोळ्या एकदम दिल्या की पाकीट फाटतं आणि स्ट्रिप परत चंचीत जातात. तुम्ही तीस दिवसांच्या गोळ्या कशात घालून देता?