शिस्त आणि सिद्धांत यांत गल्लत नको

विवाहितांना धर्मगुरू केलं तर कॅथलिक श्रद्धेचा पायाच ढासळेल, असं या चर्चेत एकांनी लिहिलंय. इथे गल्लत होतेय. ब्रह्मचर्य हा कॅथलिक चर्चच्या लॅटिन (म्हणजे पाश्चात्य) परंपरेचा नियम आहे, सिद्धांत नव्हे. पोपना मानणाऱ्याच युक्रेनियन ग्रीक कॅथलिक चर्चमध्ये विवाहित पुरुष धर्मगुरू होतात. अट एवढीच की लग्न धर्मगुरुपदाच्या दीक्षेच्या आधी झालेलं हवं, आणि बिशप मात्र अविवाहितच. शिवाय शुभवर्तमानात (बायबलमधल्या येशूच्या चरित्रात) पहिले पोप मानल्या जाणाऱ्या पेत्राच्या सासूला येशू बरं करतो, म्हणजे पेत्राचं लग्न झालेलं होतंच की!

स्त्रियांच्या दीक्षेचा प्रश्न वेगळा. तिथे 1994 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी चर्चला तसा अधिकारच नाही, असं निक्षून सांगितलं. दोन्ही प्रश्न एकत्र कालवले की चर्चा भरकटते.

मला खरं टोचतं ते ॲमेझॉनचं. नदीकाठच्या कित्येक गावांत महिनोन्महिने, कधी वर्षभरही मिस्सा (कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी) होत नाही. धर्मगुरूशिवाय मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला अखेरचा तैलाभ्यंग नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये ॲमेझॉनवर भरलेल्या सिनडमध्ये (बिशपांच्या सभेत) बिशपांनी 128 विरुद्ध 41 मतांनी सुचवलं, की दुर्गम भागांसाठी संसारी, अनुभवी डीकनना (धर्मगुरूच्या खालच्या पायरीवरच्या सेवकांना) गुरुदीक्षा द्यावी. फेब्रुवारी 2020 मध्ये पोप फ्रान्सिस यांचं पत्र आलं. त्यात या मागणीचा उल्लेखही नव्हता. धर्मगुरूंच्या टंचाईवर बिशपांनी प्रार्थनेला चालना द्यावी आणि मिशनरींना ॲमेझॉनकडे जायला प्रवृत्त करावं, असं त्यात होतं. पण पाठवायचे कुठून? मिस्सा हा श्रद्धेचा प्राण म्हणायचा आणि ब्रह्मचर्याच्या नियमापायी लोकांना त्यापासूनच दूर ठेवायचं, हे मला पटत नाही.