अथेन्सच्या घुबडाच्या नाण्यावरील छिन्नीचा घाव

प्रश्न
मी अनेक वर्षे पश्चिम क्षत्रपांची (पश्चिम भारतातील प्राचीन शक राजांची) चांदीची नाणी जमवीत आहे आणि आता प्रथमच एक ग्रीक नाणे घेऊ इच्छितो. पाहून ठेवलेले नाणे अथेन्सचे, इ. स. पूर्व पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील, चार ड्रॅक्मांचे (ड्रॅक्मा हे ग्रीक चलन) आहे. दर्शनी बाजूस शिरस्त्राण घातलेली अथेना देवी असून मागील बाजूस घुबड, ऑलिव्हची डहाळी व चंद्रकोर आहे. वजन १७.१ ग्रॅम भरते. मात्र घुबडाच्या अंगावर छिन्नीचा खोल घाव आहे. यावरून नाणे खोटे समजावे काय?

प्रतिसाद १
नाही. अथेन्सजवळच्या लॉरियनच्या खाणींतील चांदीची ही नाणी इजिप्त आणि पूर्व भूमध्य किनाऱ्यापर्यंत जात. तेथे ती पुष्कळदा वजनावर घेतली जात आणि आत तांबे तर नाही ना, हे पाहण्यासाठी घेणारा छिन्नी मारून बघे. ही शंका अनाठायी नव्हती, कारण स्पार्टाविरुद्धच्या पेलोपोनेशियन युद्धाच्या अखेरीस चांदी आटल्यावर खुद्द अथेन्सनेच तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेली नाणी काढली होती. पुढे इ. स. पूर्व ३७५–३७४ मध्ये निकोफोन नावाच्या अथेन्सवासीयाने मांडलेल्या कायद्याने बाजारात सरकारी पारखी बसवला. आत तांबे किंवा शिसे निघाले, तर त्याने ते नाणे तिथल्या तिथे छेदून देवमातेला अर्पण करायचे असे. आपल्या नाण्याच्या घावात तळापर्यंत चांदीच दिसत असेल, तर माझ्या मते तो त्या काळच्या पारखीचा दाखलाच आहे.

प्रतिसाद २
वरील म्हणणे मान्य आहे, पण केवळ घाव पाहून निश्चिंत होऊ नये, कारण घाव असलेल्या अस्सल नाण्याचा साचा घेऊन ओतलेल्या नकलांवर तो घावही जसाच्या तसा उतरतो. भिंगाखाली घावाच्या कडा बोथट आहेत का, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे आहेत का आणि काठावर सांध्याची रेघ आहे का, हे पाहावे. घावाच्या आतील रंग बाहेरच्या रंगाशी जुळावा. आतून तो लखलखीत असेल, तर घाव अलीकडचा समजावा. घनतेची चाचणी घरीही करता येते: १७.१ ग्रॅमचे शुद्ध चांदीचे नाणे दोऱ्याने पाण्यात बुडवून तोलल्यास वजन सुमारे १.६३ ग्रॅमने कमी भरते. आत तांबे असल्यास घट याहून जास्त येते. अर्थात चांदीतच केलेली आधुनिक नक्कल या चाचणीत पकडली जात नाही. आणि कृपा करून नाणे घासून उजळवू नका.

प्रतिसाद ३
आपण क्षत्रपांची नाणी जमवता, म्हणून एक गोष्ट सुचवावीशी वाटते. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ साली सापडलेल्या, क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी बहुसंख्य नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा उमटवले होते, आणि त्या पुनर्मुद्रांकित नाण्यांना आपण कधी सदोष म्हणत नाही. घावापेक्षा मला नाण्याच्या पूर्वीच्या मालकीची अधिक काळजी वाटते. जुन्या लिलावातील छायाचित्र किंवा पावती विक्रेता दाखवू शकत नसेल, तर किंमत कितीही कमी असली तरी मी ते घेणार नाही. चोरून उकरलेल्या साठ्यातील नाणे संग्रहात येऊ नये.

प्रश्नकर्ता
सर्वांचा आभारी आहे. विक्रेत्याकडे काठाचे आणि घावाच्या आतील भागाचे छायाचित्र, तसेच मागील विक्रीची नोंद मागवली आहे. ती आल्याशिवाय पैसे देणार नाही.