गिऱ्हाईकाच्या नाराजीचा दंड नोकराच्या पगारातून कापावा का?

काउंटरवाली, मालवण तालुका

एप्रिलच्या अखेरच्या शनिवारी घडलेला प्रसंग आधी सांगते आणि मग प्रश्न विचारते. किनाऱ्यावरच्या एका निवासात मी तीन वर्षे काउंटर सांभाळत आहे. खोल्या चौदा आणि कामाला आम्ही सात जण. त्या दिवशी पहाटेपासून वारा असल्याने होड्या कमी गेल्या आणि संध्याकाळच्या लिलावात सुरमईचा भाव इतका चढला, की मालकांनी नेहमीच्या निम्मीच घेतली व तुकड्या पातळ करायला सांगितल्या. थाळीची किंमत मात्र तीच राहिली. काउंटरमागच्या फलकावरचे छायाचित्रही तेच राहिले, ज्यातली तुकडी ताटाच्या कडेबाहेर डोकावते. तो फलक आजच्यापुरता उतरवून ठेवू का, असे मी मालकांना विचारले होते. "राहू दे," एवढेच उत्तर मिळाले.

रात्री नऊ जणांचे कुटुंब जेवायला बसले. त्यांतल्या एका गृहस्थांनी तुकडी बोटांत धरून काउंटरपर्यंत आणली, फलकावरच्या चित्राशेजारी धरली आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, "ही सुरमई आहे की बांगड्याचं पिल्लू?" मी क्षमा मागितली आणि नऊही जणांना सोलकढी पुन्हा द्यायला सांगितली, त्याहून अधिक काही देण्याचा अधिकार मला नाही. सकाळी ते गेले आणि दुपारी इंटरनेटवर दोन तारे आले, सोबत "काउंटरवरची बाई उलट बोलते" असा शेरा. सात तारखेला माझ्या तेरा हजारांतून दीड हजार कापले गेले आणि स्वयंपाकघरातल्या मदतनिसाच्या अकरा हजारांतून एक हजार. कारण विचारले तेव्हा मालक म्हणाले, "गिऱ्हाईक तुटला तर तुमचो पगार मी खयसून देतलंय?"

गिऱ्हाईक रागावले यात मला नवल वाटत नाही, मीही रागावले असते. पण ज्या निर्णयात माझा हात नव्हता आणि ज्याबद्दल मी आधीच सावध केले होते, त्याची किंमत माझ्या पगारातून जावी हे रास्त आहे का?

निवासमालक, देवबाग

ताई, तुमच्या मालकांनी फलक उतरवायला हवा होता, हे आधीच मान्य करतो. परंतु या धाग्यावर आता सगळे मालक खलनायक ठरणार हे दिसत असल्याने दुसरी बाजूही मांडतो.

आमचा हंगाम कागदावर दिवाळीपासून मेअखेरपर्यंत असतो, पण खोल्या खऱ्या अर्थाने भरतात त्या दिवाळीच्या आठवड्यात, नाताळ ते नववर्ष, जोडून आलेल्या सुट्ट्यांना आणि मे महिन्यात. 2025 साली मान्सून 25 मे रोजीच देवगडपर्यंत येऊन ठेपला, आणि त्याच्याही आधीच्या पावसाने माझी त्या आठवड्याची आरक्षणे एकामागून एक रद्द झाली. आगाऊ घेतलेली रक्कम मी परत केली आणि तरीही मुलांना महिन्याचा पूर्ण पगार दिला. बँकेचा हप्ता पावसाळ्यात थांबत नाही. आणि ताऱ्यांचे म्हणाल, तर ज्याच्या नावावर जेमतेम बारा अभिप्राय आहेत त्याची साडेचारची सरासरी एका दोन ताऱ्यांच्या शेऱ्याने 4.3 वर येते, आणि पुण्या-मुंबईचा माणूस फोन करण्याआधी तोच आकडा पाहतो.

कामगारांच्या बाबतीतही सगळे चित्र एकरंगी नाही. गणपतीला उचल घेऊन दिवाळीच्या तोंडावर शेजारच्या निवासात रुजू झालेले दोन मुलगे मी पाहिले आहेत, आणि ती उचल आजतागायत परत आलेली नाही. पाहुण्याने तीन वेळा गरम पाणी मागितल्यावर "बघतो" म्हणून मोबाइलमध्ये डोके घालून बसणाऱ्याला मी काय करावे? कामावरून काढले तर निर्दय ठरतो, समजावले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, आणि काहीच केले नाही तर जो प्रामाणिकपणे राबतो त्याला आपणच मूर्ख आहोत असे वाटू लागते. दंड हा मला आवडणारा उपाय नाही. पण तो नको म्हणणाऱ्यांनी दुसरा सांगावा.

निवृत्त कारकून, रत्नागिरी

कामगारांचे अर्ज वाचण्यात माझी उभी नोकरी गेली, म्हणून कायद्यापुरते लिहितो. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या 2019 च्या वेतन संहितेत दंडाला जागा आहे, पण ती फार अरुंद आहे. कोणत्या चुकांसाठी दंड होईल त्याची यादी शासनाच्या किंवा नेमलेल्या अधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीने आधी लावलेली असावी लागते. दंड करण्यापूर्वी कामगाराला त्याची बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते. आणि एका वेतन-काळातला एकूण दंड त्या काळाच्या वेतनाच्या तीन टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. म्हणजे ताईंच्या तेरा हजारांवर जास्तीत जास्त 390 रुपये आणि मदतनिसाच्या अकरा हजारांवर 330. त्यातही वसूल झालेला दंड नोंदवहीत लिहून कामगारांच्याच हितासाठी वापरायचा असतो, तो मालकाच्या गल्ल्यात जात नाही. ही तीन टक्क्यांची मर्यादा नवी नाही, 1936 च्या वेतन प्रदान कायद्यातही ती होती.

ताईंच्या बाबतीत यादी नव्हती आणि बाजूही ऐकली गेली नाही, तेव्हा माझ्या मते 390 रुपयेसुद्धा कापता येत नव्हते.

निवासमालक, देवबाग

साहेब, सात माणसांच्या निवासात यादी, संमती आणि नोंदवही कोण सांभाळणार? दहापेक्षा कमी माणसे असली तर दुकान-आस्थापनांचा कायदा लागत नाही, असे आम्हाला आमच्या कर सल्लागाराने सांगितले होते.

निवृत्त कारकून, रत्नागिरी

आपण दोन कायद्यांची गल्लत करत आहात, आणि आपण एकटेच करत नाही. दहाची अट होती ती 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात. वेतन संहितेतल्या दंडाच्या कलमाला माणसांच्या संख्येची अशी अट नाही. नोंदवही सांभाळणे जड जात असेल तर त्याला सोपा मार्ग आहे : दंड करू नये.

पुण्याचा पाहुणा

तो गृहस्थ मी नव्हे, परंतु असू शकलो असतो, म्हणून लिहिण्याचे धाडस करतो. मागच्या वर्षी गुहागरजवळ मलाही चित्रात एक आणि ताटात दुसरेच असा अनुभव आला आणि मीही दोनच तारे दिले. ते तारे मी निवासाला दिले होते. त्यांचे पैसे वाढणाऱ्या मुलाच्या पगारातून जातील असे माझ्या मनातही आले नाही, आणि हे आज वाचून मला अवघडल्यासारखे झाले आहे. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदाही सेवेतल्या त्रुटीसाठी सेवा देणाऱ्या आस्थापनेलाच जाब विचारतो. मी आयोगाकडे गेलो असतो तर मदतनिसाचे नाव घालून गेलो नसतो.

मात्र ताईंना एक विचारावेसे वाटते. "आज वाऱ्यामुळे मासळी कमी आली, तुकडी लहान आहे, चालेल का?" हे वाक्य ऑर्डर घेताना कोणी म्हटले असते, तर त्या कुटुंबाने कदाचित बांगडा मागवला असता आणि आनंदाने खाल्ला असता. आम्ही पाहुणे दरवेळी सुरमईसाठीच भांडत नाही, बरेचदा आधी न सांगितल्यासाठी भांडतो. ते सांगण्याची मुभा काउंटरवरच्या माणसाला नसते का?

काउंटरवाली, मालवण तालुका

नसते. "गिऱ्हाईकाला नसलेली गोष्ट सांगायची नाही" ही पहिल्या दिवशी मिळालेली शिकवण आहे. मागच्या वर्षी एकदा मी पापलेट शिळे असल्याचे सांगितले होते, तेव्हा संध्याकाळभर माझ्याशी कोणी बोलले नाही. तरीही तुमचे म्हणणे मला पटते.

तांडेल, तारकर्ली

सुरमईवरून चाललेली ही चर्चा वाचताना मला माझा विषय मांडल्याशिवाय राहवत नाही, आणि तो वेगळा आहे असे मला वाटतही नाही. मी पर्यटकांच्या बोटीवर काम करतो. गेल्या डिसेंबरात दुपारनंतर वारा फिरला, लाटा आडव्या येऊ लागल्या आणि मी शेवटची फेरी काढायला नकार दिला. किनाऱ्यावर बारा माणसे पैसे भरून उभी होती. त्यांतला एक जण म्हणाला, "समोर दुसरी बोट जाते आहे, तुम्हालाच काय झालं?" बोटमालकाने त्यांचे पैसे परत केले आणि माझी त्या दिवसाची मजुरी कापली. दुसरी बोट गेली आणि सुखरूप परतही आली, त्यामुळे माझ्या नकाराला पुरावा उरला नाही.

24 मे 2022 रोजी याच तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. त्या दिवशी काय चुकले यावर मी इथे बोलणार नाही. पण तेव्हापासून दर वेळी नांगर उचलताना तो दिवस डोळ्यांपुढे येतो. देवबागच्या दादांना माझे एवढेच सांगणे आहे, की "बघतो" म्हणून बसून राहणारा आणि "नाही" म्हणणारा यांना मालक जेव्हा एकाच कात्रीने कापतो, तेव्हा पुढच्या वेळी दुसरा माणूस गप्प बसतो आणि बोट काढतो.

निवासमालक, देवबाग

तांडेलदादा, तुमची मजुरी कापली गेली ते चूकच झाले, त्यावर मी वाद घालणार नाही. पण सुरमईची तुकडी आणि समुद्राचा वारा यांना एका पंक्तीत बसवू नका. दर चुकीला माणूस "मी सुरक्षिततेसाठी थांबलो" म्हणू लागला तर काम कसे चालेल? माझ्याकडे जनरेटर चालू न केल्याचे कारणही एकाने "धक्का बसेल" असे दिले होते, आणि पाहुणे दीड तास काळोखात बसले.

तरी एक सांगतो. या हंगामात मी कापणे बंद करून उलटे करून पाहणार आहे. ज्या महिन्यात चारच्या खाली एकही शेरा येणार नाही त्या महिन्यात सगळ्यांना मिळून पाच हजार. आमच्या सौभाग्यवतीचे म्हणणे आहे की यातही एकाच्या चुकीने सहा जणांचे बुडणार आणि मग ते सहा जण त्या एकाला धरणार. तिचे म्हणणे बहुधा खरे ठरेल.

काउंटरवाली, मालवण तालुका

सर्वांचे आभार. कारकून काकांचे उत्तर मी कागदावर उतरवून मालकांपुढे ठेवले. ते दोन दिवस काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी पाकिटात 1,110 रुपये मिळाले, म्हणजे तीन टक्क्यांचे गणित त्यांनीही केले. उरलेल्या 390 साठी भांडावे की नाही हे माझे ठरत नाही, कारण पुढच्या दिवाळीलाही मला याच काउंटरवर उभे राहायचे आहे.

मदतनिसाला मात्र काहीच मिळालेले नाही, कारण त्याने मागितले नाही. तो नेपाळचा आहे, त्याला मराठी समजते पण वाचता येत नाही, आणि निवास बंद झाला की जूनमध्ये तो गावी जाईल. काका, त्याच्या वतीने मी अर्ज करू शकते का?

निवृत्त कारकून, रत्नागिरी

अर्ज त्याच्याच नावाने आणि त्याच्याच सहीने करा, अंगठाही चालेल. मजकूर तुम्ही लिहा आणि सही घेण्यापूर्वी तो त्याला वाचून दाखवा. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, त्यामुळे तो गावी गेल्याने हक्क बुडत नाही. पण पगाराची चिठ्ठी किंवा खात्यावर जमा झालेल्या रकमेचा उतारा त्याच्याकडून आताच मागून घ्या. जूननंतर तो मिळवताना तुम्हाला फार त्रास पडेल.