अमेरिकेतलं टॅरिफ: लावायचा अधिकार कुणाचा आणि पैसे कुणाच्या खिशातून?

ठाणेकर (धागाकर्ता)

५ नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात टॅरिफच्या, म्हणजे आयात शुल्काच्या, खटल्याची सुनावणी झाली. हे लिहितोय तेव्हा, २०२५ च्या अखेरीस, निकाल यायचा आहे. आपल्याकडे ही चर्चा बहुतेक वेळा 'भारतावर ५० टक्के लावले' इथेच थांबते. पण त्या खटल्यातला मूळ प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात कर आणि आयात शुल्क बसवण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिलेला आहे. ट्रम्प यांनी हे शुल्क लावलं ते १९७७ च्या एका आणीबाणी कायद्याच्या आधारे. त्या कायद्याखाली राष्ट्राध्यक्ष आणीबाणी जाहीर करून परक्या देशाची मालमत्ता गोठवू शकतो, व्यवहार रोखू शकतो, आयातीचं 'नियमन' करू शकतो. शुल्क बसवण्याचा उल्लेख त्यात नाही, आणि २०२५ पर्यंत एकाही राष्ट्राध्यक्षाने त्यासाठी तो वापरला नव्हता. फेब्रुवारी २०२५ मध्ये शुल्क लागलं कॅनडा, मेक्सिको, चीनवर. २ एप्रिलला जवळजवळ सगळ्या जगावर. मे महिन्यात तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने आणि ऑगस्टमध्ये अपील न्यायालयाने (७ विरुद्ध ४) हे बेकायदा ठरवलं.

माझं मत स्पष्ट सांगतो. माल बंदरात उतरतो तेव्हा शुल्क भरतो तो तिथला आयातदार. भारतातला निर्यातदार अमेरिकेच्या तिजोरीत एक डॉलरही भरत नाही. सरकारी वकिलांचं म्हणणं होतं की हा कर नव्हेच, परराष्ट्र व्यवहाराचा भाग आहे. त्यावर सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनीच सुनावणीत म्हटलं की हा अमेरिकन लोकांवर बसवलेला कर आहे आणि तो अधिकार कायम काँग्रेसचा गाभा राहिला आहे. मला हे पूर्ण पटतं. ज्यांच्या खिशातून पैसे जाणार त्यांच्या प्रतिनिधींनी उघड मतदान करून ठरवावं. ब्राझीलचं उदाहरण घ्या. त्या देशाशी व्यापारात अमेरिकेलाच फायदा होतो, तरी तिथल्या माजी राष्ट्राध्यक्षावर खटला चालला म्हणून ५० टक्के! याची किंमत कॉफी पिणाऱ्या अमेरिकन माणसाने मोजली. त्याला कुणी विचारलं होतं का?

निफाडकर

जो शुल्क भरतो तोच त्याचा बोजा उचलतो, हे मला मान्य नाही. मी कांदा पिकवतो, त्यामुळे हे पुस्तकातून वाचलेलं नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. कागदोपत्री भरणार होता निर्यातदार. झालं काय? लासलगावसह जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले. पुन्हा सुरू झाले तेव्हा व्यापारी उलटा हिशोब मांडून बसला होता: दुबईत काय मिळणार, त्यातून शुल्क वजा, भाडं वजा, त्याची मार्जिन वजा, उरेल तो आमचा भाव. चाळीतला कांदा किती दिवस ठेवणार? कोंब फुटायच्या आत विकावाच लागतो. म्हणजे पावती निर्यातदाराच्या नावावर आणि पैसे आमचे.

तेव्हा 'अमेरिकन ग्राहकच भरतो' असं छातीठोकपणे सांगू नका. ज्याला थांबता येत नाही, तो भरतो. आंध्रातला कोळंबीवाला, तिरुपूरचा कपडेवाला आणि मुंबईतला दागिने घडवणारा कारागीर यांना विचारा.

अर्थशास्त्र शिकवते, कोल्हापूर

निफाडकर, तुमचं तत्त्व बरोबर आहे आणि आम्ही वर्गात अगदी हेच शिकवतो. फक्त अमेरिकेच्या बाबतीत आकडे वेगळं सांगतात. एवढा मोठा गिऱ्हाईक म्हटल्यावर विकणाऱ्याने भाव पाडून द्यायला हवा होता. पण २०१८ नंतरच्या टॅरिफचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की बंदरावर पोचणाऱ्या मालाचे शुल्काआधीचे भाव जवळजवळ हलले नाहीत. पोलादासारखे थोडे अपवाद सोडले तर बहुतेक सगळा बोजा अमेरिकेतच राहिला.

त्यातला वॉशिंग मशीनचा अभ्यास मी दर वर्षी मुलांना सांगते. २०१८ मध्ये आयात वॉशिंग मशीनवर शुल्क लागलं. मशीनच्या किमती साधारण १२ टक्के वाढल्या. गंमत पुढे आहे. कपडे वाळवायच्या ड्रायरवर शुल्क नव्हतंच, तरी तेही जवळपास तेवढेच महागले! तिकडे दोन्ही यंत्रं जोडीने विकत घेतात, म्हणून दुकानदारांनी वाढ दोन्हींवर वाटून टाकली. देशात बनणाऱ्या मशीनही महागल्या, कारण स्पर्धा कमी झाली. ग्राहकांवर वर्षाला सुमारे दीड अब्ज डॉलरचा बोजा पडला आणि रोजगार मिळाला अंदाजे १८०० लोकांना. म्हणजे एका नोकरीमागे ८ लाख डॉलरहून जास्त.

आणि अलीकडचं बघा. १४ नोव्हेंबरला ट्रम्प सरकारनेच कॉफी, केळी, टोमॅटो, गोमांस यांना बऱ्याच शुल्कातून सूट दिली. परदेशी विक्रेते पैसे भरत होते तर महागाईने त्रासलेल्या अमेरिकन लोकांसाठी ही सूट देण्याची गरज का पडली?

डेट्रॉइट_निवासी

इथे कुणीतरी दुसरी बाजू नीट मांडायला हवी. मूळचा पुण्याचा, वाहन उद्योगात आहे. मिशिगनमध्ये बंद पडलेले कारखाने आणि त्यांच्याभोवती ओस पडलेली गावं मी रोज पाहतो. स्वस्त मालाची किंमतही कुणीतरी मोजलेली असते, ती तुमच्या अभ्यासात कुठे दिसते?

आता अधिकाराबद्दल. काँग्रेसच्या हाती टॅरिफ असताना काय झालं, ते कुणी सांगितलं नाही. १९३० चा स्मूट-हॉली कायदा काँग्रेसनेच केला. प्रत्येक सदस्याने आपापल्या मतदारसंघातला माल त्यात घुसवला, वीस हजारांवर वस्तूंचे दर त्यात होते. हजारावर अर्थतज्ज्ञांनी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष हूवर यांना सही करू नका म्हणून विनंती केली, तरी सही झाली आणि जग एकमेकांवर शुल्क लावत सुटलं. त्यानंतरच, १९३४ मध्ये, काँग्रेसने स्वतःहून वाटाघाटीचा अधिकार राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना दिला. कारण काँग्रेसमधली पाचशेवर माणसं मिळून सौदा करू शकत नाहीत.

कायद्याचा आधारही तुम्ही समजता तेवढा कच्चा नाही. १९७१ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी आयातीवर १० टक्के अधिभार लावला. तो पुढे अपील न्यायालयात टिकला, तोही जुन्या कायद्यातल्या 'आयातीचं नियमन' याच शब्दांवर. १९७७ च्या कायद्यात काँग्रेसने तेच शब्द घेतले. निकाल माहीत असताना घेतले, याचा अर्थ काहीतरी असणारच.

आणि परिणाम? जपान आणि युरोपीय संघ १५ टक्क्यांवर करार करून मोकळे झाले. सप्टेंबरअखेर संपलेल्या आर्थिक वर्षात सीमाशुल्कातून सुमारे १९५ अब्ज डॉलर जमले.

ठाणेकर

ते १९५ अब्ज जमले कुणाकडून, हाच तर प्रश्न आहे. जमा झालेला कर हा परदेशाने दिलेला दंड असल्यासारखा सांगितला जातो, त्याला माझा विरोध आहे. करच लावायचा असेल तर तसं सांगून लावा.

वकील, संभाजीनगर

डेट्रॉइट_निवासी, स्मूट-हॉलीचा मुद्दा जोरदार आहे आणि तो टाळून चालणार नाही. पण १९३४ च्या कायद्यात काँग्रेसने मर्यादा आखल्या होत्या: दर ५० टक्क्यांपर्यंतच बदलता येतील आणि अधिकार ३ वर्षांपुरता. निक्सन यांच्या अधिभारानंतरही काँग्रेस गप्प बसली नाही. १९७४ च्या व्यापार कायद्यात कलम १२२ आलं: व्यापार-देण्यांच्या ताळेबंदाची अडचण असेल तर राष्ट्राध्यक्षाला जास्तीत जास्त १५ टक्के, तेही १५० दिवसांपुरतं, पुढे काँग्रेसची मंजुरी हवी. आणीबाणी जाहीर केल्यावर कितीही टक्के, कितीही काळ लावता येणार असेल, तर हे १५ आणि १५० घालून ठेवण्यात काय अर्थ होता? राष्ट्रीय सुरक्षेसाठी १९६२ चं कलम २३२ आहे, पोलाद-अॅल्युमिनियमचं टॅरिफ त्याखालीच आहे आणि या खटल्यात त्याला धक्काही लागलेला नाही. फक्त तिथे आधी चौकशी करावी लागते, अहवाल लागतो. ती वाट वेळखाऊ वाटली म्हणून ही धरली, असं माझं वाचन आहे.

आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय कर नाही. तरी सरकारला तातडीचा अधिकार आहेच. १६ फेब्रुवारी २०१९ ला, पुलवामा हल्ल्यानंतर, पाकिस्तानच्या मालावर २०० टक्के शुल्क लावलं ते सीमाशुल्क दर कायद्याच्या कलम ८अ खाली. पण तिथे शुल्क वाढवण्याचा अधिकार स्पष्ट लिहून दिलेला आहे आणि अधिसूचना संसदेपुढे ठेवून मंजुरीचा ठराव आणावा लागतो.

न्यायमूर्ती गोरसच यांनी सुनावणीत विचारलेला प्रश्न मला सगळ्यात भेदक वाटला. एकदा अधिकार राष्ट्राध्यक्षाकडे गेला की काँग्रेसने तो परत घ्यायचा कसा? कायदा बदलला तर राष्ट्राध्यक्ष नकाराधिकार वापरणार, आणि तो मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं हवीत. ऑक्टोबरच्या शेवटी सिनेटने, म्हणजे वरच्या सभागृहाने, ब्राझील, कॅनडा आणि जागतिक टॅरिफसाठी जाहीर केलेल्या आणीबाणी रद्द करण्याचे तिन्ही ठराव मंजूर केले, ट्रम्प यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या काही सदस्यांनी पक्षाविरुद्ध मतदान केलं. प्रतिनिधीगृहाने, म्हणजे खालच्या सभागृहाने, ते हातीच घेतले नाहीत. टॅरिफ जागच्या जागी.

निफाडकर

वकीलसाहेब, संसदेपुढे ठेवतात हे खरं असेल, पण शेतकऱ्याला त्याने काय मिळतं? ४० टक्क्यांची अधिसूचना १९ ऑगस्टला निघाली, संसदेचं अधिवेशन आठवड्यापूर्वीच संपलं होतं. डिसेंबरात तर निर्यातच बंद केली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. एका सहीने भाव पडतो, तिकडे आणि इकडेही. तुम्ही अमेरिकेच्या काँग्रेसचा अधिकार मागता आहात, तर तेवढ्याच जोराने आपल्या संसदेचाही मागा.

वकील, संभाजीनगर

मागतो. यात माझा तुमच्याशी काहीही वाद नाही.

लातूरकर

सगळे ग्राहकाचं बोलताय. मी म्हणतो, ग्राहकाने भरलं तर बिघडलं कुठे? स्वस्त पामतेल बाहेरून येतं म्हणून आमच्या सोयाबीनला भाव नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयात शुल्क लागलं, आम्हाला बरं वाटलं. ३० मे २०२५ ला ते १० टक्क्यांवर आणलं. शहरातल्या माणसाच्या फोडणीसाठी शेतकऱ्याने कायम तोटा सोसायचा का? ट्रम्प निदान स्वतःच्या देशातल्या उत्पादकासाठी उभे राहतात.

अर्थशास्त्र शिकवते, कोल्हापूर

लातूरकर, शेतकऱ्याला संरक्षण हवं याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण ते शुल्क लागल्यावर तेल महागलं आणि त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजारात माल त्याखालीच विकला गेला. ग्राहकाने जास्त मोजलेले पैसे तुमच्यापर्यंत आले नाहीत. मला टोचतं ते हे. हमीभावाने खरेदी नीट झाली असती तर जास्त उपयोग झाला असता.

एडिसन, न्यू जर्सी

इकडचा अनुभव. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला शुल्क नसायचं, ती सवलत २९ ऑगस्टला सगळ्या देशांसाठी संपली. नियम इतके घाईने आले की भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सलं घेणंच थांबवलं, ती सेवा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आल्यावर. आईने घरचा फराळ खासगी कुरिअरने पाठवला. दारात शुल्काचं बिल आलं ते माझ्या नावावर, तिच्या नाही. इथल्या भारतीय किराणा दुकानांतही डाळ, मसाले, लोणची सगळ्यांचे भाव चढलेत. आमच्याच नगरातले लोक मत देताना हे लक्षात ठेवतील, पण मत द्यायचं कुणाविरुद्ध? आमच्या काँग्रेस सदस्याने यावर कधी मतदानच केलेलं नाही.

सीप्झमधून

अंधेरीच्या सीप्झमध्ये (निर्यातीसाठीचं खास औद्योगिक क्षेत्र) दागिने निर्यात करणाऱ्या एका युनिटमध्ये हिशोब बघतो. आमच्याकडचा बहुतेक माल अमेरिकेला जातो. शुल्क २५ वर गेलं तेव्हा तिकडच्या खरेदीदाराने सांगितलं, काही भाग तुम्ही सोसा. आम्ही बिलात सूट दिली. ५० झाल्यावर त्याने ऑर्डरच कमी केल्या. आता ओव्हरटाइम बंद आहे, कारागिरांना आलटून पालटून बोलावतो. पश्चिम बंगालमधून आलेली मुलं गावी परत गेली. म्हणजे निफाडकरही बरोबर आणि कोल्हापूरच्या बाईही बरोबर. किमतीतला बोजा बहुतेक तिकडे, बुडालेल्या कामाचा इकडे.

माझा प्रश्न वेगळा आहे. न्यायालयाने टॅरिफ रद्द केलं तर भरलेलं शुल्क परत मिळणार. ते कुणाला?

वकील, संभाजीनगर

ज्याच्या नावाने आयातीचे कागद दाखल झाले त्याला, म्हणजे तुमच्या खरेदीदाराला. तुम्ही दिलेली सूट त्यांच्या सीमाशुल्क खात्याच्या दप्तरी शुल्क म्हणून नोंदलेलीच नाही, ती फक्त कमी किमतीचं बिल आहे. दुकानात जास्त पैसे मोजलेल्या ग्राहकालाही काही मिळणार नाही. न्यायमूर्ती बॅरेट यांनी सुनावणीत परताव्याचा हा गुंता होईल अशी चिंता बोलून दाखवली, ती रास्त आहे.

तुम्ही एक करा. सूट शुल्कापोटी दिली होती, हे खरेदीदाराकडून ईमेलवर आत्ताच लेखी घ्या आणि परतावा आल्यास त्यातला वाटा किती, तेही ठरवा. निकालानंतर कुणी ऐकणार नाही.

सीप्झमधून

साहेबांना आजच सांगतो. जुन्या बिलांवर 'शुल्कापोटी सूट' असा उल्लेख नाही, नुसता दर कमी लावलाय. त्याचं काय?

वकील, संभाजीनगर

त्या काळातले ईमेल आणि व्हॉट्सअॅप मेसेज जपून ठेवा. आधीच्या बिलांचे दर आणि नंतरचे दर शेजारी मांडून एक तक्ता करा, तो पत्राला जोडा. हक्क म्हणून टिकेलच असं सांगता येत नाही, पण पुढच्या ऑर्डरचा दर ठरवताना तुमच्या हातात काहीतरी राहील.